डोक्याचा फोटो

दौंडच्या बाजारात हनुमंत टेंगल्याकडून मेंढरू घेताना कुणी त्या मेंढराच्या तोंडात बोट घालत नसे. गरजच पडायची नाही. गिऱ्हाईक अजून टोपी सावरत उभं असायचं, तोवर हनुमंतानं स्वतःच मेंढराचा जबडा फाकवून पुढं धरलेला असायचा. "बघा, चारदाती हाय, दोन वर्साचं. मागल्या डाव्या पायानं जरा लंगडतंय. पावसाळ्यात खूर सडला हुता, आता बरा हाय. पटलं तर घ्या, न्हाई तर पुढं जावा." बाकीचे व्यापारी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचे, लंगडं मेंढरू कळपाच्या मधोमध दडवायचे, म्हातारी मेंढी तरणी म्हणून गळ्यात मारायचे. हनुमंताला त्या रुमालाचीच चीड. झाकून करायचं ते काम चोराचं, असं तो भर बाजारात बोलायचा अन् व्यापाऱ्यांच्या शिव्या खायचा. गिऱ्हाईक मात्र फिरून त्याच्याकडंच यायचं.

बापाच्या काळात हे घर कळप घेऊन कोकणात उतरायचं. आता भांडगावच्या पुढं कालव्याच्या कडेला घर झालं होतं, थोडा ऊस होता, वाडग्यात मेंढरं होती. घरात बायको म्हाळसा, एकुलती एक पोरगी धनश्री, अन् बिनलग्नाचा धाकटा भाऊ मल्हारी. धनश्री बारावी झालेली, तोंडानं फटकळ, कामाला वाघीण. तिला चांगलं घर मिळावं, एवढी एकच गोष्ट हनुमंतानं आयुष्यात देवाकडं मागितली होती. अन् त्या एका गोष्टीपायी त्यानं काय काय घालवलं, ते आता ऐका.

मल्हारीचं दुखणं गावाला दुखणं वाटतच नव्हतं, ही पहिली पीडा. विशीत असताना एका चैतात तो झोपेनासा झाला. उभ्या रानात भटकायचा, अखंड बोलायचा, गाणी रचायचा. झोप म्हटलं की हसायचा. "दादा, झोप म्हंजी निव्वळ टाइम वाया!" डोळ्यांत अशी चमक, की समोरच्यानं नजर खाली घालावी. लोक म्हणाले, बिरोबाचं वारं आलं. भंडारा लावून पाया पडायला लागले. पोर कवा होईल, विहिरीला पाणी कवा लागेल, सगळं त्याला विचारायला लागले. अन् हा पठ्ठ्या सगळ्यांना उत्तरं द्यायचा. त्याच जोशात त्यानं घरच्या गाभण मेंढ्या रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटून टाकल्या. ज्यांनी घटकाभरापूर्वी पाय धरले होते, तेच भक्त मेंढ्या हाकत आपापल्या घरी गेले. वा रे भक्ती!

वारं उतरलं तेव्हा मात्र देव बघायला कुणी काळं कुत्रं आलं नाही. मल्हारी घोंगडं डोक्यावर ओढून पडला तो महिनोन् महिने. जेवायला उठेना, बोलेना. "मला मरू द्या वयनी," एवढंच म्हणायचा. म्हाळसा त्याला पोटच्या पोरासारखी भरवायची. पुन्हा चैत आला की पुन्हा चमक. असं वर-खाली, वर-खाली करत त्याची तरणी वर्षं गेली. अखेर दौंडला भरलेल्या एका शिबिरातल्या डॉक्टरनं त्याला पुण्याला धाडलं. तिथं डॉक्टर वैजयंती दाबके नावाच्या बाई होत्या. त्यांनी दुखण्याला नाव दिलं अन् लिथियम नावाची गोळी दिली. एक प्रकारचं मीठच ते, म्हणाल्या. रोज घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं, ठरल्या वेळी रक्त तपासायचं.

अन् काय सांगावं, गोळी लागू पडली! मल्हारी झोपायला लागला, वाडगं झाडायला लागला, मेंढरं राखायला लागला. पोट सुटलं, बोलणं कमी झालं, अन् हात तेवढे थरथरायचे. चहाचा कप बशीवर खडखड वाजायचा. गाव म्हणालं, देव गेला अन् गडी बावळट झाला. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? मल्हारीला मात्र त्या गोळीची किंमत ठाऊक होती. देवळीत बिरोबाच्या टाकाशेजारी तो पाकीट ठेवायचा अन् अंघोळ करून हात जोडून गोळी घ्यायचा.

दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर दाबकेबाईंनी एक नवीन काम काढलं. हे दुखणं काही घराण्यांतच का फिरतं, त्याचा शोध. आजारी माणसाचं रक्त घ्यायचं, त्याच्या सख्ख्या बऱ्या माणसांचंही घ्यायचं, अन् सगळ्यांच्या मेंदूचे फोटो काढायचे. मोठं लोहचुंबकाचं मशीन, माणूस आत सरकवायचा, अन् मेंदू कसा दिसतो, काम करताना कुठला भाग जागा होतो, ते बघायचं.

हनुमंतानं सरळ विचारलं, "ह्यानं आमचा मल्हारी कायमचा बरा हुईल का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मल्हारींना याचा काडीचा उपयोग नाही. वीस-तीस वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या मल्हारीला झाला तर होईल."

हनुमंत एकदम खूश. ही बाई आपल्यासारखीच निघाली, दात आधी दाखवणारी! त्यानं तिथल्या तिथं हो म्हटलं. मल्हारी, स्वतः तो अन् धनश्री, तिघंही पुण्याला गेले. मशीनमध्ये जाताना अंगावर लोखंड काय, सोनं काय, काहीच चालत नव्हतं. लहानपणी कानात घातलेली हनुमंताची बाळी तर निघेचना, सोनाराकडून कापून घ्यावी लागली. मल्हारी आत गेला तेव्हा त्याला आरशात माणसांची तोंडं दाखवली, काही चिडलेली, काही भ्यालेली, अन् बटण दाबायला सांगितलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "दादा, सगळी आपल्या गावातलीच तोंडं वाटली बघ." त्यावर दाबकेबाईसुद्धा हसल्या.

निघताना हनुमंत अडून बसला, फोटो द्या. एक्स-रे काढला की फिल्म घरी न्यायची, अशी आपली रीत. बाई द्यायला तयार नव्हत्या. "हनुमंतराव, या एका फोटोवरून कोण आजारी आहे अन् कोण बरं, हे मलासुद्धा सांगता येत नाही. शंभर आजारी अन् शंभर बरी माणसं शेजारी मांडली, तर सरासरीत बारीकसा फरक निघतो. एकट्या माणसाचा फोटो बघून काही कळत नाही."

"पण ह्यात काय खोट हाय का?"

"गाठ, सूज, तसलं काही नाही. तुमचे तिघांचेही नॉर्मल आहेत. पण नॉर्मल म्हणजे–"

संपलं! नॉर्मलच्या पुढचं हनुमंतानं काही ऐकलंच नाही. बाई बोलत होत्या, गोळी बंद करायची नाही, घरात दुसऱ्या कुणाची झोप उडून उगीच अंगात जोर आला तर लगेच फोन करा, मुलींना तर बाळंतपणानंतर जपायचं. हनुमंत व्हय व्हय करत फिल्मा गुंडाळत होता.

पुढल्याच महिन्यात धनश्रीला बघायला दौंडकडचे पाहुणे आले. मुलगा कुरकुंभच्या औषधाच्या कंपनीत ऑपरेटर, बोलणारे त्याचे मामा. पोहे झाले, पोरीला चार प्रश्न विचारून झाले. मामा खुशीत दिसले. म्हाळसा दाराआडून नवऱ्याला डोळ्यांनी दटावत होती, गप्प बसा म्हणून. आदल्या दिवशीच तिनं बजावलं होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण हनुमंताला ते कसं जमावं? तो उठला, आतून फिल्मा आणल्या अन् दाराच्या उजेडात धरल्या.

"हे काय म्हणायचं?" मामा म्हणाले.

"पोरीच्या डोक्याचा फोटो. पुण्याला काढलाय. नॉर्मल हाय."

मामांचा हसरा चेहरा जागच्या जागी थिजला. "पाव्हणं, हातच्या काकणाला आरसा कशाला लागतोय? पोरगी समोर बसलीय की. मग फोटो काढायची येळ का आली?"

"कर न्हाई त्याला डर कशाला?" म्हणत हनुमंतानं सगळं सांगितलं. भावाचं दुखणं, गोळी, बाईंचा शोध. एक अक्षर लपवलं नाही. मग दुसरी फिल्म धरली. "आन् ह्यो मल्हारीचा. ह्यो बी नॉर्मल."

कोपऱ्यात बसलेल्या मल्हारीच्या हातातला कप नेमका तेव्हाच वाजायला लागला. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. बिचाऱ्यानं कप खाली ठेवला अन् हात मांडीखाली दाबले.

मामा उठले. "येड्याचा बी नॉर्मल आन् पोरीचा बी नॉर्मल! मग ह्या फोटूतनं आमी समजायचं तरी काय? कळवतो आमी."

कळवलं ते त्यांनी गावभर. टेंगल्याची पोरगी मशीनमध्ये घालून आणली, डोक्याचा फोटो काढावा लागला, अशी बोंब बाजारातून बाजारात गेली. येणारी दोन स्थळं वाटेतूनच माघारी फिरली. ज्या फोटोनं पोरीवरचा डाग पुसायचा, त्यानंच तो लावला. अन् हनुमंताला हे कळेना, की खरं सांगून माणूस खोट्यात कसा जातो.

धनश्रीनं बापाला वाडग्यात गाठलं. रडली नाही ती. "आप्पा, मी काय तुमचं मेंढरू हाय? माजं दात कुणी बघितलं नव्हतं, तुमी का दाखवलं?"

बापानं हातातला पाला मेंढरांपुढं टाकला. त्या दिवसापासून हनुमंत बदलला.

वर्षभरानं शिरूरकडचं स्थळ आलं. सोपानराव नावाचे गृहस्थ, एकुलता मुलगा रांजणगावच्या कंपनीत परमनंट. लांबचे लोक, इकडची बोंब त्यांच्यापर्यंत गेली नव्हती. असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं. हनुमंतानं फिल्मा धान्याच्या कणगीमागं सारल्या. राहता राहिला मल्हारी. त्याला घरातून घालवावा, तर सख्खा चुलता बैठकीला नाही म्हणून चर्चा. बसवावा, तर तो कप वाजणार.

हनुमंतानं देवळीतलं पाकीट उचललं. "मल्हारी, लगीन उरकूस्तर ह्या गोळ्या बंद ठेवू. हात तेवढं थांबत्याल. तसं बी फोटूत तू नॉर्मलच हायस."

मल्हारीनं पाकिटावर हात ठेवला. "बाई म्हणल्या हुत्या, बंद करायच्या न्हाईत."

"बाई येणार हायत का धनाचं लगीन जमवायला?"

"धनापायी असंल तर घे दादा." त्यानं पाकिटावरचा हात काढला. "पण एक कर. मला झोप यीना झाली, की तूच गोळी दे. मी मागणार न्हाई. तवा मला वाटतच न्हाई मी आजारी हाय. मारून दे, बांधून दे, पण दे."

"बिरोबाची आण," हनुमंत म्हणाला. अन् ते म्हणताना तो खोटं बोलत नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

सोपानराव आले तोवर मल्हारीचे हात दगडासारखे स्थिर झाले होते. नुसते हातच नव्हे, सगळा माणूस उमलला होता. पोट उतरलं होतं, पटका झोकात बांधला होता. त्यानं सोपानरावांना हाताला धरून वाडगं दाखवलं, आपल्या बापाच्या कळपाच्या वाटेवरची कोकणातली गावं तोंडपाठ म्हणून दाखवली, दोन ओव्या गायल्या, नकला केल्या. शिरूरची मंडळी हसून हसून लोळायची बाकी राहिली. नवरदेवाची आई म्हणाली, माणूस असावा तर असा. अन् सोपानराव हनुमंताच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चुलता असा दिलखुलास, मग पोरगी हुशार असणारच. घर आवडलं बघा आमाला!"

काय न्याय आहे बघा! गोळी घेऊन बरा होता, तेव्हा जग त्याला येडा म्हणालं. अन् गोळी सोडून आजारात निघाला, तर तेच जग त्याच्या गळ्यात पडलं.

तिथंच सुपारी फुटली. पाहुणे गेल्यावर मल्हारी अंगणात येरझाऱ्या घालत होता. म्हाळसानं त्याला जरा पडा म्हटलं, तर तो हसला. "वयनी, झोप म्हंजी निव्वळ टाइम वाया!"

हनुमंतानं ते ऐकलं. चांगलं ऐकलं. उठून देवळीपर्यंत गेलासुद्धा. पण लग्न पंधरा दिवसांवर होतं. आता गोळी दिली तर गडी सुस्तावणार, हात पुन्हा कापायला लागणार, अन् मांडवात शंभर डोळे. हळद होऊ दे, मग देऊ, असं म्हणून त्यानं पाकीट परत ठेवलं. म्हाळसा म्हणाली, "तुमी आण घेतली हुती." तो तिच्यावर खेकसला.

लग्नात मल्हारीनं गजी ढोलापुढं असा नाच केला, की ढोलवाले दमले पण हा दमला नाही. त्यानं जावयाला नवी मोटारसायकल कबूल केली, वरातीतल्या पोरांना मेंढ्या कबूल केल्या, अंगावरचा नवा सदरा काढून बँडवाल्याला दिला. वऱ्हाड म्हणालं, केवढं मोठं मन! धनश्री सासरी निघाली तेव्हा चुलत्याच्या गळ्यात पडून म्हणाली, "तात्या, गोळ्या घ्या." तिला बापापेक्षा जास्त कळत होतं. मल्हारीनं तिच्या कपाळाचा मुका घेतला अन् तिसरंच काहीतरी बोलत राहिला.

वऱ्हाडाची धूळ खाली बसली अन् हनुमंतानं गोळी पुढं केली. मल्हारीनं ती थुंकून टाकली. बांधायला गेले तर चौघांना आवरेना. कणगीमागची फिल्म त्यानं शोधून काढली अन् उन्हात वर धरून गावभर दाखवत फिरला, "नॉर्मल हाय! बघा, मी नॉर्मल हाय!" पुण्याला न्यावं तर दाबकेबाई विचारणार, गोळी कुणी बंद केली? अन् दवाखान्यात ठेवला तर शिरूरला कळणार. आज नेऊ, उद्या नेऊ, करत हनुमंतानं दिवस काढले. मग एक दिवस वारं उतरलं. मल्हारी घोंगडं ओढून पडला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आता गप्प झाला म्हणून.

पोळ्याच्या सुमारास मेंढरं एकटीच वाडग्याकडं आली. मल्हारी कालव्यात सापडला, दोन मैल खाली, गेटाच्या जाळीला अडकलेला. चपला काठावर नीट जोडीनं ठेवलेल्या होत्या. हनुमंतानं पोलिसपाटील यायच्या आधी त्यातली एक उचलून पाण्यात फेकली. पाय घसरला, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. शिरूरलाही तेच सांगितलं. सोपानराव मौतीला येऊन हळहळले, असा माणूस पुन्हा होणे नाही म्हणाले. म्हाळसा नवऱ्याशी त्यानंतर कामापुरतंच बोलली. कुणाला दोष देणार? आपलेच दात अन् आपलेच ओठ.

पुढल्या उन्हाळ्यात धनश्री पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. दौंडला बाळंत झाली, मुलगा झाला. हनुमंताला वाटलं, चला, एवढं तरी पदरात पडलं. बारशाला शिरूरची सगळी मंडळी येणार म्हणून घर सारवून काढलं.

सारवलं ते धनश्रीनंच. ओल्या बाळंतिणीनं! म्हाळसा नको नको म्हणत असताना तिनं भिंती सारवल्या, भांडी घासली, बाळाला ढीगभर टोपडी शिवली. बोलायला लागली की थांबेना. एकाच वेळी शिवणाचा क्लास काढणार होती, मेंढीच्या लोकरीच्या गाद्या मुंबईला विकणार होती, सासऱ्याला सरपंच करणार होती. म्हाळसा नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरगी डोळ्याला डोळा लावत न्हाई. मला लक्षण बरं दिसत न्हाई."

"हौस हाय तिची," हनुमंत म्हणाला. "पहिलं लेकरू हाय." पण तो पोरीच्या डोळ्यांकडं बघायचं टाळत होता. ती चमक त्याच्या ओळखीची होती.

बारशाच्या दिवशी पाळणा सजला. शिरूरकरांनी आणलेली कुंची, बाळलेणं, सगळ्यांचं कौतुक झालं. बाळाचं नाव रुद्र ठेवलं. बायांनी पाळणे म्हटले, अन् धनश्रीनं त्यांच्या वरताण आवाज लावून स्वतः रचलेला पाळणा म्हटला. सासू कौतुकानं बघत होती. तेवढ्यात अंगणाबाहेर जीप थांबली अन् दाबकेबाई उतरल्या.

हनुमंत धावतच पुढं गेला.

"हनुमंतराव, दीड वर्ष होत आलं, मल्हारी गोळ्यांना आले नाहीत," बाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा फोटो घ्यायची वेळ आली, म्हणून या बाजूला आले होते. म्हटलं, आपणच बघून यावं. कुठं आहेत ते?"

हनुमंताला सांगायचं होतं ना! आण मोडली, सगळं चुकलं, अन् बाई, आता जरा माझ्या पोरीकडं बघा. सगळं तोंडाशी आलं होतं. तोच मागून सोपानराव आले. "कोण पाव्हणं हो?"

"डॉक्टर हायत," हनुमंत म्हणाला. मग घाईनं म्हणाला, "जनावरांच्या. मेंढरं बघायला आल्यात. घर चुकल्यात. ते टेंगले आमी न्हवं."

दाबकेबाईंची नजर अंगणात गेली. धनश्री हातवारे करत बोलत होती, बायका हसत होत्या. बाळ पाळण्यात रडत होतं, तिचं तिकडं लक्ष नव्हतं. बाईंना काय ते एका नजरेत कळलं. पण पाहुण्यांसमोर त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या पेशाची तीही एक रीत होती.

"हो, घर चुकलं असेल," त्या सोपानरावांना म्हणाल्या. अन् ते वळल्यावर हनुमंताला हळूच म्हणाल्या, "तुमच्या मुलीला आजच दाखवायला हवं. आज. मी पाटसच्या फाट्यावर चहाला थांबते. घेऊन या, नाही तर एकटे या. मी वाट बघते."

"आमच्यात तसलं कुणी न्हाई," हनुमंत म्हणाला. बाजारात कधी केलं नाही ते त्यानं आज केलं, मेंढरू कळपाच्या मधोमध दडवलं, अन् तेसुद्धा स्वतःच्या पोटचं. जीप गेली.

तो अंगणात परत आला तर धनश्री पंगतीची पानं मांडत होती. म्हाळसानं तिच्या हातातून पानं घेतली. "अगं बाई, जरा पड आत. बाळाला घे. झोप थोडी."

धनश्री खळखळून हसली. "आये, झोप म्हंजी निव्वळ टाइम वाया!"

म्हाळसाच्या हातातली पानं खाली पडली. तिनं नवऱ्याकडं बघितलं. मग रस्त्याकडं बघितलं. जीपची धूळ अजून बसली नव्हती. भिंतीला लावलेली हनुमंताची लूना तिथंच होती. पाटसचा फाटा काही लांब नव्हता.

"हौशी हाय हो सून आमची!" सोपानराव पानावर बसत म्हणाले. "अगदी चुलत्यावर गेलीय. या पाव्हणं, बसा. तुमच्याबिगर पंगत सुरू व्हायची न्हाई."

हनुमंतानं लूनेकडं एकदा बघितलं. मग डोक्यावरची टोपी नीट केली, व्याह्याशेजारचा पाट पुढं ओढला अन् पंगतीला बसला.